कंपनीत ट्रेनिंगला जाणाऱ्या पोरांची तयारी

यंदा जी पोरं-पोरी ठाणे-नवी मुंबईकडच्या वागळे इस्टेट, रबाळे, महापे नाहीतर तुर्भ्याच्या कंपन्यांमधे ट्रेनिंगला, म्हणजे अप्रेंटिस म्हणून, लागणार आहेत त्यांच्या घरच्यांसाठी आणि आमच्या शिक्षक मंडळींसाठी हे लिहितेय, कारण जॉईन व्हायच्या आदल्या रात्री सगळी धावपळ होते आणि मग पोरगं पहिल्याच दिवशी घाबरतं.

आधी कागदपत्रं. आधार, मार्कशीट आणि पासबुक, तिन्हीवर नाव सेम आहे का बघा, एकीकडे वडिलांचं नाव आणि दुसरीकडे नाही असं असेल तर आत्ताच दुरुस्त करून घ्या. खातं पोराच्या स्वतःच्या नावाचं आणि आधारला लिंक असलेलं पाहिजे, सरकारी अप्रेंटिसशिप योजनेत स्टायपेंडचा, म्हणजे ट्रेनिंगच्या काळात मिळणाऱ्या पैशांचा, २५ टक्के, म्हणजे महिन्याला जास्तीत जास्त १५०० रुपये, सरकारकडून थेट खात्यात येतात. कॉन्ट्रॅक्ट वाचूनच सही करा, पोर १८ च्या आतलं असेल तर सही पालकांची लागते. ट्रेड म्हणजे शिकायचं काम कुठलं, किती महिने, स्टायपेंड किती, सुट्टी कधी, हे त्यात बघायचं. आणि पोरांना एक गोष्ट स्पष्ट सांगा, १९६१ च्या अप्रेंटिस कायद्याने अप्रेंटिस हा शिकाऊ असतो, कामगार नाही, ट्रेनिंग संपल्यावर नोकरी द्यायलाच पाहिजे असं कंपनीवर बंधन नाही. म्हणून तर तिथे काय शिकायला मिळतं हे सगळ्यात महत्त्वाचं.

त्यासाठी शिक्षकांनी पोरांच्या आधी कंपनीत जाऊन यायलाच हवं, माझा यावर फार जोर आहे. सुपरवायझरला भेटून विचारा, पहिल्या महिन्यात कुठलं मशीन देणार, शिकवणार कोण, दर दोन महिन्यांनी काम बदलणार का. हे ठरलेलं नसलं की पोरं वर्षभर पॅकिंगच करत बसतात. १९०६ मधे अमेरिकेत सिनसिनाटी विद्यापीठात हर्मन श्नायडर यांनी इंजिनिअरिंगच्या मुलांना आळीपाळीने वर्गात आणि कारखान्यात पाठवायला सुरुवात केली, त्यात मुद्दा हाच की कारखान्यातला प्रश्न वर्गात आला पाहिजे. म्हणून लॉगबुक, म्हणजे कामाची वही, रोज लिहायला लावा, "लेथ मशीनवर काम केलं" एवढंच नको, कुठला जॉब म्हणजे कुठला पार्ट बनवायचा होता, माप किती आलं, चुकलं तर का चुकलं, आणि ते घेऊन आठवड्यातून एक तास वर्गात बोला.

प्रवास एकदा करून बघा, शिफ्टच्याच वेळेला. रबाळे, महापे, तुर्भ्याला जाणाऱ्या मुंब्रा-दिव्याच्या पोरांना ठाण्याला उतरून ट्रान्सहार्बर लोकल पकडायची आहे, दिघ्याच्या एमआयडीसीत जायचं असेल तर २०२४ पासून दिघा गाव स्टेशन सुरू झालंय. सेफ्टी शूज कंपनी देते का विचारून घ्या. मुलींसाठी टॉयलेट, कपडे बदलायची जागा आणि शिफ्ट सुटायची वेळ, हे शिक्षकांनीच विचारावं, मुली स्वतःहून विचारत नाहीत.

शिक्षकांचा नंबर पोरांच्या फोनमधे सेव्ह करून द्या आणि सांगून ठेवा, सोडून द्यावंसं वाटलं तर आधी फोन कर, मग ठरवू.