व्यक्तिचित्रणात नवे तंत्र कसे आजमावावे

माध्यम, रंगसंच आणि समोरचा चेहरा एकाच वेळी बदलला, तर चित्र कशामुळे साधले किंवा बिघडले हे ओळखता येत नाही. म्हणून चेहरा आणि त्यावर एका बाजूने पडणारा प्रकाश कायम ठेवावा व दर खेपेस फक्त तंत्र बदलावे. रेखाटन एकदाच काळजीपूर्वक करून ट्रेसिंग पेपरवर उतरवून घेतले, की ते प्रत्येक नव्या कॅनव्हासवर तसेच घेता येते.

सुरुवात रंग पुसून चित्र काढण्याच्या तंत्राने करावी. बर्न्ट अंबर हा गडद तपकिरी तैलरंग थोड्या टर्पेंटाइनने पातळ करून रेखाटनावर असा थर द्यावा, की खालच्या रेषा अंधुक दिसत राहतील. थर ओला असतानाच कपाळ, नाकाचा दांडा, गालाचे हाड अशा उजळ जागा सुती कापडाने पुसून काढाव्यात आणि सावल्या त्याच रंगाने गडद कराव्यात. चेहरा रेषांऐवजी छायाप्रकाशातून पाहण्याची सवय याइतकी लवकर दुसऱ्या कोणत्याही तंत्राने लागत नाही, असे मला वाटते. मात्र रंगाची कापडे चुरगळून ढिगात टाकू नयेत, कारण तैलरंगातील जवसाचे तेल वाळताना उष्णता निर्माण होते आणि अशा ढिगाला आपोआप आग लागू शकते; ती पाण्यात भिजवून झाकणाच्या धातूच्या डब्यात ठेवावीत.

त्यानंतर स्वीडिश चित्रकार अँडर्स झोर्न (१८६०–१९२०) यांच्या नावाने ओळखला जाणारा चार रंगांचा संच घ्यावा: पांढरा, यलो ऑकर (मातकट पिवळा), व्हर्मिलियन (शेंदरी लाल) आणि आयव्हरी ब्लॅक (काळा). व्हर्मिलियनमध्ये पारा असल्याने त्याऐवजी कॅडमियम रेड वापरणे योग्य. या संचात निळा रंग नाही, तरी काळ्या-पांढऱ्याच्या मिश्रणातून येणारी करडी छटा त्वचेच्या उबदार रंगाशेजारी निळसर भासते, आणि काळ्यात ऑकर मिसळल्यावर मंद हिरवा मिळतो. आधी त्वचेची मध्यम छटा तयार करावी, मग तिच्यापासून उजळ आणि गडद छटा काढाव्यात. सावलीत नुसता काळा घातल्यास त्वचा निर्जीव दिसते, म्हणून त्यात लाल अवश्य मिसळावा. डोळ्यांतील पांढरा भागही शुद्ध पांढऱ्याने रंगवू नये, तो बहुधा करडाच असतो.

ग्लेझिंगसाठी करड्या छटांतील चित्र पूर्ण वाळू द्यावे आणि त्यावर पारदर्शक रंगाचे पातळ थर चढवावेत. वरच्या प्रत्येक थरात तेलाचे प्रमाण खालच्यापेक्षा अधिक हवे, नाहीतर पुढे भेगा पडण्याचा धोका असतो. वेळ वाचवायचा असल्यास करडे चित्र ॲक्रिलिकमध्ये करता येते, पण तैलरंगावर ॲक्रिलिक कधीही लावू नये, ते नीट धरत नाही.

पॅलेट नाइफ, म्हणजे रंग लावण्याचा बोथट, लवचीक चाकू, शेवटी हाती घ्यावा आणि तोही उजळ भागांतल्या जाड रंगापुरताच.

प्रत्येक कॅनव्हासच्या मागे वापरलेले रंग आणि तारीख लिहावी. सर्व चित्रे शेजारी मांडून दुरून, डोळे किलकिले करून पाहावीत, आणि ज्यात चेहऱ्याचा घाट तेव्हाही स्पष्ट उठून दिसतो, त्याच तंत्राने पुढचे मोठे चित्र करायला घ्यावे.