लघवीचा संसर्ग आणि लागू न पडणारी औषधे : या चुका टाळा

लघवीला जळजळ झाली की आपल्याकडे ‘उन्हाळी लागली’ म्हणतात आणि धन्याजिऱ्याचे पाणी सुरू होते. त्याने काही बिघडत नाही. बिघडते ते मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय सेफिक्झिम या अँटिबायोटिकच्या दोन दिवसांच्या गोळ्या आणल्यावर. वास्तविक हे औषध १ मार्च २०१४ पासून शेड्यूल एच-१ मध्ये आहे, म्हणजे डॉक्टरच्या चिठ्ठीवरच ते विकायचे आणि विक्रीची वेगळी नोंद तीन वर्षे जपायची. अर्धवट गोळ्यांनी कच्चे जंतू मरतात, चिवट उरतात, आणि ताप उतरत नाही म्हणून रुग्ण ग्रामीण रुग्णालयात येतो तेव्हा अनेकदा हेच चिवट ई. कोलाय जंतू तो सोबत घेऊन आलेला असतो.

दाखल झाल्यावरची सर्वांत महागडी चूक म्हणजे आधी इंजेक्शन आणि मग कल्चर, म्हणजे लघवीतले जंतू वाढवून कोणते औषध लागू पडते हे पाहणारी तपासणी. पहिला डोस गेल्यावर घेतलेल्या लघवीत अनेकदा जंतू वाढत नाहीत, ‘वाढ नाही’ असा रिपोर्ट येतो आणि पुढची सगळी औषधे अंदाजावर चालतात. रुग्ण गंभीर असेल तर इंजेक्शन थांबवू नये, पण नमुना घ्यायला पाच मिनिटे पुरतात. जागा पाण्याने धुऊन, पहिली धार सोडून मधली धार निर्जंतुक डबीत धरावी. ही डबी दोन तासांत प्रयोगशाळेत पोहोचायला हवी. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर असताना सकाळी भरलेली डबी दुपारच्या एसटीने जिल्ह्याला पाठवली, तर वाटेतच जंतूंची संख्या इतकी वाढते की खरा संसर्ग कोणता आणि बाहेरची घाण कोणती हे सांगता येत नाही. उशीर अटळ असेल तर बर्फाच्या पॅकच्या डब्यात थंड ठेवलेला नमुना चोवीस तासांपर्यंत चालतो. लसींच्या फ्रिजमध्ये मात्र तो कधीही ठेवू नये. ही सोय करून घेण्याचा मोह सर्वांनाच होतो.

चुकांची दुसरी मोठी जागा लघवीच्या नळीची. लकवा झालेले आजोबा किंवा मांडीचे हाड मोडलेली आजी यांना पहिल्या दिवशी नळी लागते हे खरे, पण ती पुढे केवळ नातेवाइकांच्या आणि वॉर्डाच्या सोयीसाठी राहते. नळी असलेल्या रुग्णाच्या लघवीत जंतू शिरण्याचा धोका दररोज साधारण ३ ते ७ टक्क्यांनी वाढतो आणि महिन्याभरात तो जवळपास प्रत्येकाला गाठतो. म्हणून ‘नळी आज हवी आहे का?’ हा प्रश्न राउंडला रोज विचारलाच पाहिजे. एक्स-रेला नेताना पिशवी रुग्णाच्या पोटावर ठेवली जाते आणि साचलेली लघवी उलटी मूत्राशयात जाते. पिशवी नेहमी कमरेच्या खाली, पण जमिनीला न टेकता लटकलेली असावी. एकाच बादलीत तीन खाटांच्या पिशव्या रिकाम्या करून मध्ये हात न धुणे म्हणजे एका खाटेवरचा क्लेब्सिएला हा जंतू दुसऱ्या खाटेवर नेऊन सोडणे होय. कल्चरचा नमुना पिशवीतून घेऊ नये; नळी दोन आठवड्यांहून जुनी असेल तर ती बदलून नव्या नळीतून घ्यावा.

रिपोर्ट आल्यावरही घाई नडते. ताप नाही, जळजळ नाही, तरी कल्चरमध्ये जंतू दिसले म्हणून अँटिबायोटिक देण्याची बहुतेक रुग्णांना गरज नसते. गर्भवती आणि मूत्रमार्गाची शस्त्रक्रिया व्हायची असलेले रुग्ण हे अपवाद. उलट, रिपोर्टातील औषधांच्या यादीत नायट्रोफुरँटोइनपुढे ‘एस’ (म्हणजे औषध लागू पडते) आहे म्हणून थंडी-ताप आणि कंबरदुखी असलेल्या रुग्णाला ते देणेही चूक, कारण ते औषध लघवीत साठते, मूत्रपिंडाच्या ऊतींत पुरेसे पोहोचत नाही. साध्या औषधापुढे ‘एस’ असताना मेरोपेनेमसारखे भारी अँटिबायोटिक सुरू करण्याची सवय तर आपण स्वतःच लावून घेतली आहे.

योग्य औषधाला दोन-तीन दिवस होऊनही ताप हटत नसेल, तर लगेच आणखी भारी इंजेक्शनाकडे न वळता सोनोग्राफी करावी आणि रक्तातील साखर पाहावी: खडा, वाढलेले प्रोस्टेट किंवा मूत्राशयात तुंबलेली लघवी असेल तर कोणतेही औषध अपुरेच पडते.

सुटी होताना कल्चरचा रिपोर्ट मागून घ्यावा आणि रेशन कार्डाच्या पिशवीतच ठेवावा. पुढच्या वेळी पहिले इंजेक्शन कोणते द्यायचे, हे डॉक्टर त्यावरूनच ठरवतील.