पिकअपच्या मागच्या पाट्यांचे बुश घरीच बदलले

कळंबोलीत आमच्या दाराशी उभ्या असणाऱ्या पंधरा वर्षांच्या पिकअपच्या मागून प्रत्येक गतिरोधकावर ‘खट्’ असा आवाज येऊ लागला, तेव्हा मी आधी शॉक ॲब्सॉर्बरवर संशय घेतला. पण पहार घालून पाटा (ॲक्सलवरची पोलादी पट्ट्यांची स्प्रिंग) हलवून पाहिल्यावर शॅकलमधले (पाट्याचे टोक चासीला जोडणाऱ्या झुलत्या दुव्यातले) रबरी बुश, म्हणजे पिनेभोवतीच्या नळ्या, एका बाजूने झिजून पातळ झालेले दिसले. पुढच्या चाकांना ओंडके लावले, चासीखाली घोड्या, म्हणजे लोखंडी स्टँड, दिल्या (नुसत्या जॅकवर तोललेल्या गाडीखाली शिरणे हा शुद्ध वेडेपणा आहे) आणि ॲक्सलला जॅकचा आधार देऊन पाट्यावरचा ताण काढला. खाडीकडच्या दमट हवेने शॅकलची पिन गंजून अशी धरली होती, की गंज सोडवणारे तेल रात्रभर मुरवूनही ती निघायला दोन तास लागले. जुना बुश लांब बोल्ट, वायसर आणि गोटी (पान्याचा पोकळ सॉकेट) वापरून ओढून काढला आणि नवा साबणाच्या पाण्यावर बसवला, कारण खनिज तेलाच्या ग्रीसने साधे रबर फुगते. शॅकलचे नट मात्र गाडी चाकांवर उतरवून, पाट्यांवर पूर्ण भार आल्यानंतरच आवळले. पाटा लटकत असताना आवळले असते, तर रबर कायम पिळलेले राहून लवकर फाटले असते. दोन दिवसांनी नट पुन्हा तपासले, तेव्हा डावीकडचा एक नट पाव फेरा आणखी आवळला गेला.