निम्मे हिंजवडीत, निम्मे घरी: हायब्रिड टीमचं काम अडतं कुठे आणि सोडवायचं कसं

हायब्रिड टीममध्ये काम रखडलं की पहिला संशय घरून काम करणाऱ्यांवर जातो, आणि बहुतेक वेळा तो चुकीचा असतो. काम अडतं ते माहिती एकीकडे आणि माणूस दुसरीकडे असल्यामुळे. हिंजवडीत टपरीवर चहा पिता पिता तिघांनी ठरवलं, की एपीआयचा (दोन सॉफ्टवेअर एकमेकांशी ज्या दुव्यातून बोलतात त्याचा) जुनाच फॉरमॅट ठेवायचा. चौथा कोथरूडला घरी बसून संध्याकाळपर्यंत नव्या फॉरमॅटचा कोड लिहीत राहिला. यात आळस कुणाचाच नाही. म्हणून सुरुवात हजेरीपट नीट करण्यापासून नको, ही गळती बुजवण्यापासून करा.

टपरीवर ठरलेलं टिकिटावर आणा

चहावरच्या गप्पा बंद करायला जाऊ नका. त्या बंद होत नाहीत, व्हायलाही नकोत. नियम एवढाच ठेवा: तोंडी ठरलेली गोष्ट त्याच दिवशी संबंधित टिकिटावर (म्हणजे कामांच्या ऑनलाइन यादीतल्या त्या कामाच्या नोंदीवर) लिहिल्याशिवाय ठरली असं धरायचं नाही. चार ओळी पुरतात. काय ठरलं, कोण करणार, कधीपर्यंत, आणि कोणता पर्याय का सोडला. चौथी ओळ सगळे गाळतात, आणि तीच सर्वांत उपयोगी असते. ती नसली की दोन आठवड्यांनी कुणीतरी तोच सोडलेला पर्याय घेऊन येतो आणि अर्ध्या तासाची चर्चा पुन्हा पहिल्यापासून होते.

लिहायचं कुणी, हेही आधीच ठरवा. ‘कुणीतरी लिहील’ म्हटलं की कुणीच लिहीत नाही. ज्याच्या नावावर टिकिट, त्याने लिहायचं. तो त्या चर्चेत नसेल, तर ज्याने विषय काढला त्याने. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकलेलं लिहिलेलं धरू नका. तिथे ते वाढदिवसाच्या शुभेच्छांखाली गाडलं जातं, आणि पुढच्या महिन्यात आलेल्या माणसाला जुने मेसेज आपोआप दिसत नाहीत.

‘हाय, आहेस का?’ हा मेसेजही वेळखाऊच. समोरचा वीस मिनिटांनी ‘हो, बोल’ म्हणतो, तोवर विचारणारा जेवायला गेलेला असतो. पहिल्याच मेसेजमध्ये काय करून पाहिलं, नेमका एरर काय आला, कोडच्या कोणत्या ब्रँचवर (प्रतीवर) आणि उत्तर कधीपर्यंत हवं, हे सगळं लिहा.

ऑफिसचा दिवस निवडताना गुरुवार धरा

आठवड्यातून दोन-तीन दिवस ऑफिसला या आणि दिवस ज्याचे त्याने निवडा, असं सांगितलं की प्रत्येक जण वेगळ्या दिवशी येतो. मग हडपसरहून तीस किलोमीटरच्या आसपास गाडी हाकत, वाकडला ट्रॅफिकमध्ये रखडत आलेला माणूस हेडफोन लावून घरच्यासारखेच कॉल करत बसतो. निदान एक दिवस सगळ्यांचा सारखा हवा.

पुण्यात हा दिवस गुरुवार ठेवणं सोयीचं. महावितरणची देखभालीची कामं आणि पाणीपुरवठा बंद ठेवून होणारी दुरुस्ती शहरात बहुतेक गुरुवारीच असते. भोसरी-पिंपरीच्या कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते, तीही विजेच्याच हिशेबाने. घरी लाइट नाही, पाणी नाही अशा दिवशी जनरेटर असलेल्या ऑफिसात बसलेलं बरं.

त्या दिवशी तीन गोष्टी पाळा. जागा बुक करताना टीमची टेबलं एका रांगेत घ्या, नाहीतर दोघे तिसऱ्या मजल्यावर आणि चौघे सातव्यावर अशी गत होते. सगळ्यांनी मिळून करायचं काम ११ ते ४ या वेळेत ठेवा, म्हणजे ज्याला गर्दी टाळून लवकर निघायचंय किंवा उशिरा पोचायचंय त्याला मोकळीक राहते. आणि एकट्याने करायचं काम त्या दिवसासाठी राखून ठेवू नका. डिझाइनची चर्चा, अडलेला बग दोघांनी मिळून शोधणं, नव्या माणसाला शिकवणं ही त्या दिवसाची कामं. पालख्यांचा शहरात मुक्काम असतो ते दिवस आणि विसर्जनाच्या मिरवणुकीचा दिवस कॅलेंडरमध्ये आधीच घरून कामाचे म्हणून टाका. रस्ते बंद झाल्यावर सकाळी आठला मेसेजांची धावपळ नको.

घरची वीज गेली तर

घरी इन्व्हर्टर असतो, पंखा चालू राहतो, तरी कॉल तुटतो. कारण राउटरचा प्लग इन्व्हर्टरच्या लाइनवर नसतो. इलेक्ट्रिशियनकडून तो पॉइंट बदलून घ्या. ते जमत नसेल तर राउटरसाठी मिळणारा छोटा यूपीएस घ्या. घेण्याआधी राउटरच्या अ‍ॅडॉप्टरवरचे व्होल्ट आणि अँपिअर वाचा. बहुतेक राउटर १२ व्होल्टचे असतात, पण सगळे नाहीत. फायबरचा डबा आणि वायफायचा राउटर वेगवेगळे असतील तर दोन्हींना बॅकअप लागतो. एकालाच दिला की वायफायचे दांडे पूर्ण दिसतात आणि इंटरनेट मात्र नसतं. इमारतीतला इंटरनेट ऑपरेटरचा स्विच (घरोघरी लाइन वाटणारा डबा) बॅकअपवर नसेल तर एवढं करूनही लाइन जाते. त्यासाठी मोबाइलचा हॉटस्पॉट हाताशी ठेवा, पण तो ऑपरेटर फायबरवाल्यापेक्षा वेगळा असू द्या. व्हिडिओ कॉलला तासाला एक जीबीच्या आसपास डेटा जातो, म्हणून हॉटस्पॉटवर असताना कॅमेरा बंद ठेवलेला चालेल, असं टीममध्ये आधीच ठरवा.

मीटिंग रूममधली शिट्टी

एकाच खोलीत दोन लॅपटॉपचे माइक आणि स्पीकर चालू राहिले की एकाचा आवाज दुसरा पकडतो आणि शिट्टी सुरू होते. खोलीतला आवाज एकाच यंत्रातून घ्या. बाकीच्यांनी कॉलला जोडताना माइक बंद आणि आवाज शून्यावर ठेवायचा. नुसता माइक बंद केला तर आवाज दोनदा येत राहतो. बोलणारा माइकपासून दोन मीटरपेक्षा लांब बसला की घरच्यांना फक्त पुटपुट ऐकू येते. फळ्यावर लिहिलेलंही त्यांना वाचता येत नाही, तेव्हा आकृती शेअर केलेल्या स्क्रीनवरच काढा. मत विचारताना आधी कॉलवरच्यांना विचारा, मग खोलीतल्यांना.

परदेशी घड्याळ

लंडनचे सकाळचे ९ म्हणजे आपले उन्हाळ्यात दुपारचे १.३०, हिवाळ्यात २.३०. न्यू यॉर्कचे ९ म्हणजे संध्याकाळचे ६.३० किंवा ७.३०. घोळ होतो तो अधल्यामधल्या काळात. अमेरिका मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ पुढे करते, ब्रिटन शेवटच्या रविवारी. परत मागे घेताना ब्रिटन ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी, तर अमेरिका नोव्हेंबरच्या पहिल्या. नेहमीच्या मीटिंगचं आमंत्रण क्लायंटच्या टाइमझोनमध्ये बनवा आणि हे चार रविवार टीमच्या कॅलेंडरवर टाका. रात्री साडेआठपर्यंत कॉल असेल तर सकाळी साडेनवाचा स्टँडअप (रोजची छोटी आढावा बैठक) लावू नका.

हिरवा ठिपका

चॅटमधल्या हिरव्या ठिपक्यावरून काम मोजायला लागलात तर लोक ठिपका हिरवा ठेवायला शिकतात. कॉम्प्युटरचा माउस आपोआप हलवत ठेवणारी यंत्रं बाजारात उगाच विकली जात नाहीत. त्याऐवजी रिव्ह्यूसाठी (सहकाऱ्याने तपासण्यासाठी) टाकलेला कोड किती तास पडून राहिला आणि किती टिकिटं दुसऱ्या कुणासाठी अडली आहेत, हे दोन आकडे आठवड्यातून एकदा पाहा. रिव्ह्यूला चार कामाचे तास ही मर्यादा बहुतेक टीमना झेपते.

पासवर्ड आणि नवा माणूस

दिसायला किरकोळ, पण अख्खा दिवस खाणारी बाब म्हणजे पासवर्ड. घरी असताना मुदत संपते, ब्राउझरमधून नवा पासवर्ड ठेवला जातो, पण व्हीपीएन (घरून ऑफिसच्या नेटवर्कला जोडणारी सुरक्षित वाट) जोडलेलं नसलं तर लॅपटॉप जुनाच मागत राहतो. व्हीपीएन चालू ठेवून स्क्रीन लॉक करा आणि नव्या पासवर्डने उघडा. त्याहून सोपं म्हणजे मुदतीच्या आधीच्या गुरुवारी ऑफिसात बसून बदला.

नव्याने आलेल्याला पहिले चार आठवडे जास्त दिवस ऑफिसला बोलवा, पण तो येईल त्या दिवशी त्याला शिकवणारा सहकारीही हजर हवा. रिकाम्या मजल्यावर एकटा बसलेला नवखा घरी बसलेल्यापेक्षा जास्त अडतो. तो जिथे जिथे अडेल ते सेटअपच्या डॉक्युमेंटमध्ये त्यालाच दुरुस्त करायला लावा. जुन्यांना त्या पायऱ्या पाठ असतात, त्यामुळे गाळलेली पायरी त्यांच्या नजरेला पडत नाही.