चीनमध्ये परगावी राहताना निवास परवाना कसा काढावा

हुकोऊ, म्हणजे १९५८च्या कायद्याने पक्की झालेली कुटुंबाची सरकारी नोंद, गावची असली की शहरात माणूस उपराच. त्यावर निवास परवाना हा २०१६पासूनचा अर्धामुर्धा तोडगा.

शहरात अर्धं वर्ष राहिल्यावर पोलीस ठाण्यात किंवा त्यांनी नेमलेल्या वस्ती-केंद्रात अर्ज करा. ओळखपत्र, फोटो आणि राहण्याचा पुरावा न्या. शिवाय स्थिर नोकरी, स्थिर घर किंवा सलग शिक्षण यांपैकी एक दाखवा. घरमालक करार द्यायला कुरकुरतो, घोडं तिथेच अडतं. कामगार-वसतिगृहात राहत असाल तर मालक कंपनीचा दाखला चालतो. पहिला परवाना मोफत, साधारण १५ दिवसांत.

दरवर्षी मुदतीआधीच्या महिन्यात शिक्का घ्या. चुकला तर परवाना निलंबित होतो.