वजनाचं ऑपरेशन नागपुरात, घोळ गावात: या चुका टाळा

वजन कमी करायच्या ऑपरेशनचे दोन मुख्य प्रकार, स्लीव्ह आणि बायपास. स्लीव्हमध्ये जठराचा ७५ ते ८० टक्के भाग काढून टाकतात. उरते केळ्याच्या आकाराची नळी, तिच्यात सुरुवातीला १०० ते १५० मिली मावतं. बायपासमध्ये (हृदयाचा नव्हे, पोटाचा) जठराची छोटी पिशवी करून ती आतड्याला जोडतात. ती त्याहून लहान, जेमतेम ३० मिलीची. सर्जनचं काम इथे संपतं. पुढचं घरच्या चुलीपाशी आणि तालुक्याच्या दवाखान्यात ठरतं, आणि तिथे दरवेळी त्याच चुका होतात.

सगळ्यात महागात पडते ती उलट्यांवरची ग्लुकोज सलाईन. प्रकार ठरलेला असतो. ऑपरेशनला पाच-सहा आठवडे झालेले, नात्यात लग्न निघतं. पंगतीत पोळी, वांग्याची भाजी आणि घासागणिक पाण्याचा घोट. घास अडकतो, उलटी होते. दोन दिवसांनी वरणही टिकत नाही. ‘पोटच लहान केलं, उलट्या होणारच’ म्हणत घरचे पंधरा दिवस काढतात. मग अंगात त्राण नाही म्हणून ‘ताकदीची’ सलाईन लावून आणतात, डीएनएसच्या, म्हणजे ग्लुकोज-मिठाच्या सलाईनच्या, दोन बाटल्या. त्यानंतर रोग्याला एकाचे दोन दिसू लागतात, चालताना झोक जातो, बोलणं भरकटतं. कोणी म्हणतं ऊन लागलं, कोणी म्हणतं बाहेरचं झालं.

झालेलं असतं ते थायमिन, म्हणजे व्हिटॅमिन बी-१ संपल्यामुळे. शरीरात त्याचा साठा दोन-तीन आठवड्यांचाच. ग्लुकोज जाळायला थायमिन लागतं, आणि डीएनएसच्या ५०० मिलीच्या बाटलीत २५ ग्रॅम ग्लुकोज असतं. उरलंसुरलं थायमिन त्यातच खर्ची पडतं आणि मार मेंदूला बसतो. उशीर झाला तर स्मरणशक्ती कायमची जाऊ शकते.

म्हणून उलट्या होणाऱ्या रोग्याला आधी शिरेतून थायमिन, किमान १०० मिग्रॅ, आणि मगच ग्लुकोज. तोवर नॉर्मल सलाईन किंवा आरएल (रिंगर लॅक्टेट) चालतं, त्यांत ग्लुकोज नसतं. मल्टीव्हिटॅमिन टाकून बाटली पिवळी केली की भागलं, असं समजू नका. डोळ्यांची किंवा तोल जाण्याची लक्षणं दिसली तर डोस कितीतरी पट मोठा लागतो आणि मोठं हॉस्पिटल गाठावं लागतं. डिस्चार्ज कार्डावर लाल पेनाने लिहून ठेवा: ‘वजनाचं ऑपरेशन झालं आहे, ग्लुकोजआधी थायमिन द्या.’ त्याचा फोटो घरातल्या दोघांच्या मोबाईलमध्ये हवा. आणि २४ तास पाणीसुद्धा टिकत नसेल तर सर्जनला फोन लावा. नळी आखडलेली किंवा वळलेली असू शकते, ती गोळीने सुटत नाही.

दुसरी चूक इतकी गरीब दिसते की कोणी तिला चूक म्हणतच नाही. भाकर अडकते म्हणून माणूस चहात बुडवलेला टोस्ट, मुरमुरे, वरणाचं पाणी यांवर येतो. हे सगळं नळीतून सरसर खाली जातं, पोट भरत नाही, दिवसभर तोंड चालू राहतं. वजन दीड-दोन वर्षांनी परत चढतं त्यात याचा वाटा मोठा. दिवसाला ६० ते ८० ग्रॅम प्रोटीन लागतं. हिशोब मांडा: दोन अंडी १२, सोयाबीनच्या ३० ग्रॅम कोरड्या वड्या १५, १०० ग्रॅम पनीर १८, घट्ट वरणाची वाटी ६-७, दोन वाट्या दही ८-१०. कसेबसे ६० होतात, तेही पाच-सहा वेळा खाल्लं तर. प्रोटीन आधी, भाकर उरलेल्या जागेत. झुणका असेल तर मऊ, पळीवाढा. जेवताना पाणी नाही, जेवणानंतर अर्धा तास नाही.

त्या अर्ध्या तासाचा अर्थ दिवसभर पाणी नाही असा घेऊ नका. चंद्रपूर-अकोल्याच्या मे महिन्यात ४५ अंशांत एकदम तांब्याभर पाणी पोटात मावत नाही, म्हणून बाटली सोबत ठेवा आणि दर काही मिनिटांनी घोट घ्या, दिवसाला दीड ते दोन लिटर. उसाचा रस आणि शरबत नको. बायपासवाल्याला अर्ध्या तासात घाम, धडधड आणि जुलाब होऊ शकतात.

खर्रा, म्हणजे तंबाखू-सुपारीची पुडी. ऑपरेशनआधी सोडलेला खर्रा तिसऱ्या महिन्यात खिशात परत येतो. बायपासमध्ये पिशवी आणि आतडं जिथे जोडतात तिथे अल्सर करायला तंबाखू आणि गुडघेदुखीची डायक्लोफिनॅक ही जोडी पुरेशी आहे. दुखलं तर पॅरासिटामॉल घ्या. ‘एखादी पुडी’ म्हणणाऱ्याशी वाद घालत बसू नये, त्याला अल्सरचा एंडोस्कोपी फोटो दाखवावा.

शुगरच्या गोळ्या जुन्याच डोसाने चालू ठेवणं हाही घातक आळस. खाणं पाव झालं आणि ग्लिमेपिराइड किंवा इन्सुलिन तेवढंच राहिलं तर साखर ७० च्या खाली जाऊ शकते. पहिले काही आठवडे रोज तपासा, डोस डॉक्टरांकडून कमी करून घ्या.

व्हिटॅमिनच्या गोळ्या आयुष्यभराच्या आहेत, बाटली संपेपर्यंतच्या नाहीत. कॅल्शियम आणि लोहाच्या गोळीत दोन तासांचं अंतर, लोहाबरोबर चहा नाही. गर्भधारणा किमान १२ ते १८ महिने लांबवा. तिसऱ्या महिन्यापासून केस गळतील, घाबरून तेलं विकत घेऊ नका, प्रोटीन आणि लोह तपासा.

आणि गिरणीवरच्या काट्यावर रोज चढणं बंद करा. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात वजन थांबतंच. आठवड्यातून एकदा, सकाळी, एकाच काट्यावर, आणि आकडा वहीत.