पहिल्यांदा कॉम्प्युटर शिकताय? माऊसपासून सुरू करा

आधी टायपिंगच्या मागे लागू नका, हात माऊसवर बसू द्या. १९९० मध्ये विंडोज ३.० सोबत सॉलिटेअर हा पत्त्यांचा खेळ आला आणि कितीतरी लोक पत्ते ओढता ओढताच ड्रॅग अँड ड्रॉप शिकले, तुम्हीपण तेच करा, डावं बटण दाबून धरायचं, पत्ता सरकवायचा, जागेवर आला की बोट उचलायचं. सुरुवातीला मधेच सुटतो, सुटू दे. मग नोटपॅडमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरवरच्या साध्या लिहायच्या प्रोग्राममध्ये, स्वतःचं नाव टाइप करा, सगळं सिलेक्ट करून डिलीट करा आणि कंट्रोल धरून झेड दाबा, नाव परत येतं! हे एकदा डोळ्यांनी बघितलं ना की काहीतरी बिघडेल ही भीती निम्मी जाते. आणि शिकवणाऱ्यांनो, प्लीज माऊस हातातून ओढून घेऊ नका, नुसतं शेजारी बसून सांगा.